पंधरा ऑगस्टची जुडी

पंधरा ऑगस्टला सकाळी डोळे उघडल्यावर झेंडा, भाषण आणि जिलबी यांच्याआधी ज्याला पाला आठवतो असा भारतीय जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या सासरी निघाला. माझे मामेसासरे. माझ्या नवऱ्याचे, मंदारचे, सख्खे मामा. आम्ही लग्न करून जपानात त्सुकुबाला आलो तेव्हा ते इथे चांगले मुरलेले होते. काम सिरॅमिकचं, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मातीवरचं संशोधन, राहणं एकट्याचं, वाहन सायकल. लग्न का केलं नाही असं विचारलं तर "राहून गेलं गं" म्हणतात, आणि तेही लायब्ररीचं पुस्तक परत करायचं राहून जावं इतक्या सहजपणे. सायकलच्या पुढच्या टोपलीत बारा महिने तीन वस्तू असायच्या: छत्री, कात्री आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. छत्रीचा उपयोग सगळ्यांना कळतो. कात्री आणि दोरा कशाला, हे ज्याने विचारलं त्याची पुढची ट्रेन चुकलीच म्हणून समजावं.

मामांना सणांची खोड आहे. साजरे करण्याची नव्हे, ते काम त्यांनी पहिल्यापासून इतरांवर सोपवलेलं. सणाला ते नाव का पडलं हे त्यांना कळावं लागतं, आणि कळेपर्यंत ते ताटाला हात लावत नाहीत. माझ्या इथल्या पहिल्या कोजागरीला मी हौसेने दूध आटवलं, जपानी दुकानातून शोधून केशर आणलं. मामा पेला हातात धरून बसले आणि म्हणाले, "नाव कुठून आलं?" मी शाळेत पाठ केलेलं सांगितलं, की लक्ष्मी येते आणि कोण जागं आहे असं विचारते. त्यावर त्यांनी मान हलवली. ते पोथीतलं झालं म्हणे, घरातलं सांग. त्यांचा सिद्धांत असा की प्रत्येक सणाला दोन नावं असतात. एक पुस्तकवाल्यांनी दिलेलं आणि एक ज्यांचे हात त्यात बरबटले त्यांनी दिलेलं, आणि खरं नाव दुसरं. पिठोरीला पिठोरी कोणी म्हटलं, तर जिने पीठ मळलं तिने. एवढं ऐकेपर्यंत दुधावर जाड साय धरली होती. ती त्यांनी चमच्याने बाजूला केली, दूध प्यायले आणि साखर कमी आहे असं सांगितलं.

आमच्या मराठी मंडळात त्यांच्या हाती माइक द्यायचा नाही असा अलिखित नियम आहे. तो नियम होण्याचं कारण म्हणजे एका गणपतीला नवीन कार्यकर्त्यांनी त्यांना आभार मानायला सांगितलं. दोन मिनिटं. मामांच्या नमनालाच घडाभर तेल लागतं, तिथे दोन मिनिटांची काय कथा. ते उभे राहिले आणि थेट लक्झेंबर्गला पोचले. आभारांचा आणि लक्झेंबर्गचा काडीचाही संबंध नव्हता. जपानात सार्वजनिक हॉल ज्या वेळेला रिकामा करायचा त्या वेळेला तो रिकामा झालेला, झाडलेला आणि खुर्च्या रचलेला असावा लागतो. मामा थांबेनात आणि हॉलची वेळ संपली. शेवटी गणपतीबाप्पा एका गाडीच्या डिकीत विराजमान झाले आणि आम्ही सगळ्यांनी पार्किंगमध्ये, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून, कुजबुजत आरती म्हटली. मामांनी त्या आरतीतही जोरात टाळी वाजवली आणि चार जणांनी एकदम त्यांचा हात धरला.

तर ते लक्झेंबर्ग. तरुणपणी मामा कामासाठी तिथे काही वर्षं राहिले होते, एका म्हाताऱ्या विधवा बाईंच्या घरी, माडीवरच्या खोलीत. पंधरा ऑगस्टलाच तिथे येशूच्या आईला स्वर्गात नेल्याचा सण असतो. चर्चच्या पंचांगात त्याचं नाव भारदस्त आहे. पण त्यांच्या घरमालकीणबाई आणि गावातले सगळे त्याला म्हणायचे लेइफ्रावेशदाख. मामा हा शब्द चार घास करून भरवतात: लेइफ म्हणजे लाडकी, फ्रा म्हणजे बाई, वेश म्हणजे जुडी, दाख म्हणजे दिवस. म्हणजे आपल्या माउलीच्या जुडीचा दिवस. त्या दिवशी बायका शेताच्या बांधावरून, कुंपणाच्या कडेने औषधी पाला आणि रानफुलं खुडतात, मधे धान्याची लोंबी घालतात, जुडी बांधतात आणि चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. मग ती वर्षभर घरात टांगलेली. वीज कडाडली की तिच्यातली चिमूटभर जाळायची. गाय व्यायची असेल, बाई बाळंत व्हायची असेल, तर जुडी जवळ आणून ठेवायची. मालकीणबाईंचं म्हणणं असं, की उन्हाळा भरात असताना पाला गोळा करणं ही बायकांची रीत धर्मगुरूंच्याही आधीची. ती थांबवता येईना, तेव्हा ते आशीर्वाद द्यायला लागले आणि सण त्या दिवसावर येऊन बसला. पण बायकांनी नाव काही सोडलं नाही. पुस्तकात स्वर्ग राहिला आणि घरात जुडी राहिली.

मामांना हे इतकं पटलं, की तेव्हापासून दर पंधरा ऑगस्टला ते जिथे असतील तिथे जुडी बांधतात. मालकीणबाईंची अट एकच, पाला विकतचा नको, स्वतःच्या हाताने खुडलेला हवा. आता त्सुकुबा हे शास्त्रज्ञांचं गाव. इथे ज्याला आपण गवत म्हणतो ते कोणाचं तरी संशोधन असतं. एका वर्षी मामांनी रस्त्याकडेच्या शेतातून भाताच्या दोन लोंब्या कापल्या, तर लांबून पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ पळत आले. शेत प्रयोगाचं होतं आणि त्या लोंब्या मोजणीतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मामा जपानी रिवाजाप्रमाणे मिठाईचा खोका घेऊन माफी मागायला गेले. तिथे त्यांनी लोंबी का कापली हे सांगितलं, अर्थातच पहिल्यापासून. संध्याकाळ झाली. त्या गृहस्थांनी नंतर दर ऑगस्टला बांधावरच्या, मोजणीबाहेरच्या ओळीतली लोंबी त्यांच्यासाठी ठेवायला सुरुवात केली. मामांच्या मते हे मैत्रीमुळे. मंदारच्या मते, पुन्हा माफी मागायला येऊ नयेत म्हणून.

जुनी जुडी टाकायची कशी, हा आणखी एक प्रश्न. इथे कचरा वेगळा करायची शिस्त आपल्या सोवळ्याहून कडक आहे. मामांनी सरळ नगरपालिकेच्या कचरा विभागाला फोन लावला आणि विचारलं, की वर्षभर घराचं रक्षण केलेला पाला कुठल्या वारी टाकावा. पलीकडच्या बाईंनी त्यांना बराच वेळ थांबवून ठेवलं, कोणाकोणाला विचारलं आणि शेवटी गंभीरपणे सांगितलं, की पांढऱ्या कागदात गुंडाळा, वर थोडं मीठ घाला, आभार माना आणि जळाऊ कचऱ्याच्या दिवशी ठेवा. मामा आम्हाला हे सांगायला भर उन्हात सायकल मारत आले होते. ज्या देशात कचरा खात्यातली बाई आभार माना म्हणते तो देश सोडून जाऊ नये, असं त्यांचं मत पडलं.

हे सगळं मी हसत हसत सांगतेय, आणि तेव्हाही हसतच होते. एका उन्हाळ्यात माझं हसू पार गेलं. मला दिवस होते आणि सातव्या महिन्यात अचानक दुखायला लागलं. डॉक्टरांनी हॉस्पिटलात आडवं केलं आणि सांगितलं, की बाळाला शक्य तितके दिवस आत राहू दे, जो दिवस मिळेल तो आपला. हाताला सलाईन, उठायचं नाही, कुशीवर वळायचं तेही विचारून. मंदारला त्याच वर्षी कंपनीने नागोयाला पाठवलेलं, तो शनिवार-रविवारी येई. माझं जपानी भाजी आणि स्टेशन यांच्यापलीकडे गेलं नव्हतं. पुण्याहून सासूबाई रोज फोनवर धीर देत आणि फोन ठेवल्यावर रडत, हे मला मंदारकडून कळे. त्याआधी एकदा आमचं बाळ राहिलं नव्हतं. त्यामुळे कोणी काही बोललं नाही तरी सगळ्यांच्या मनात काय आहे हे मला माहीत होतं. छताकडे बघत मी एकच गोष्ट मागायची, हे राहू दे.

मामा रोज यायचे. भेटीची वेळ सुरू झाली की दारात त्यांची घामेजलेली टोपी दिसायची. पहिल्याच दिवशी त्यांनी रानफुलं आणली, तर नर्सने हात जोडून परत पाठवली, वॉर्डात फुलं चालत नाहीत. मामांनी विचार केला, की तोडलेलं चालत नसेल तर लावलेलं चालेल, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गॅलरीतली तुळस कुंडीसकट घेऊन आले. समोरच्या खाटेवरच्या बाईंनी ती कुंडी पाहिली आणि चेहऱ्यावर पांघरूण ओढलं. नर्स तर धावतच आली. रुग्णाकडे मुळं असलेलं झाड न्यायचं नाही अशी इथली रीत आहे, कारण झाड रुजतं तसा आजार रुजतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मामा त्या बाईंच्या खाटेशी गेले, कमरेत वाकून माफी मागितली आणि मग आपल्याकडे तुळस घराच्या दारात का असते ते सांगायला लागले. भेटीची वेळ संपली तेव्हा त्या बाई पांघरुणाबाहेर येऊन प्रश्न विचारत होत्या. तुळस मात्र खाली गेटवरच्या रखवालदाराच्या केबिनमध्ये गेली आणि महिनाभर तिथेच राहिली. तिला पाणी घालायच्या निमित्ताने मामांची आणि त्या म्हाताऱ्या रखवालदाराची ओळख वाढली.

मग पंधरा ऑगस्ट आला. इथे ओबोनचे दिवस, पितरं घरी येतात म्हणून निम्मा जपान गावी गेलेला. त्यांच्याकडेही बायका त्या दिवसांत पितरांसाठी फुलं खुडून आणतात, आपल्याकडे श्रावणातली पत्री, आणि लक्झेंबर्गला ती जुडी. ऑगस्टात जगभर बायकांच्या हाताला पाल्याचा वास येतो, असं मामा दरवर्षी सांगायचे. त्या दुपारी ते आले तेव्हा जुडी सायकलच्या टोपलीतच ठेवून वर आले होते. आत काय काय घातलंय ते मला तोंडी सांगितलं: बांधावरची लोंबी, योमोगी म्हणजे आपल्या दवण्याच्या जातीचा पाला, खाली ठेवलेल्या तुळशीची मंजिरी, आणि पार्किंगच्या कडेला सापडलेला आघाडा आणि दूर्वा. सासूबाईंनी फोनवर सांगितलं होतं, की श्रावणातली जिवती लेकरं राखते आणि तिला आघाडा-दूर्वांची माळ लागते. म्हणून मामांनी ती दोन्ही जुडीत घातली होती.

चारच्या सुमाराला आभाळ काळं झालं. या भागात उन्हाळ्यात विजा फार. खिडकीची काच थरथरायला लागली आणि त्याच वेळी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. नर्सने सलाईनचा वेग वाढवला, डॉक्टरांना बोलावलं. मंदार नागोयाहून निघाला होता, पण विजांमुळे इकडची लाइन बंद पडली आणि तो मधेच अडकला. मला वाटलं, संपलं, हेही जाणार. मी मामांकडे पाहिलं. ते स्टुलावरून उठले आणि वॉर्डाबाहेर निघून गेले. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला, की तेवढ्यापुरती मी कळासुद्धा विसरले. माणसं बोलायच्या वेळी बोलत राहतात आणि थांबायच्या वेळी निघून जातात, असं मनाशी म्हणत मी उशी आवळून धरली.

मामा काय करत होते ते सगळं मला दुसऱ्या दिवशी नर्सकडून, तिच्या मोडक्या इंग्रजीत, कळलं आणि तिला ते रखवालदाराने सांगितलं होतं. मामा पावसात सायकलींच्या छपराखाली ओणवे होऊन लायटर पेटवायचा प्रयत्न करत होते. जुडीतली चिमूट ओली, लायटर ओला, वर विजा. हॉस्पिटलच्या आवारात जाळ करणारा माणूस पाहून रखवालदार छत्री घेऊन धावले. मामांनी त्यांना कारण सांगितलं, आणि नर्सच्या म्हणण्याप्रमाणे या वेळी फार थोडक्यात सांगितलं. वर माझी सून आहे, बाळ आहे, आणि वीज पडतेय. रखवालदारांनी छत्री त्यांच्यावर धरली. मग म्हणाले, की लहानपणी वीज कडाडली की त्यांची आई सगळ्यांना मच्छरदाणीत घ्यायची, उदबत्ती लावायची आणि वीज टळावी म्हणून "कुवाबारा, कुवाबारा" म्हणायची. त्यांनी मामांना केबिनमध्ये नेलं. तिथे पत्र्याच्या डबीत डासांची अगरबत्ती धुमसत होती. तिच्या निखाऱ्यावर त्या दोघांनी ती ओली चिमूट ठेवली आणि धूर निघेपर्यंत आळीपाळीने फुंकर घातली.

तासाभराने मामा वर आले. पावसात भिजलेले, अंगाला डासांच्या अगरबत्तीचा वास. तोवर सलाईनने काम केलं होतं आणि कळा थांबल्या होत्या. ते पुन्हा स्टुलावर बसले आणि म्हणाले, "झालं. जाळली चिमूट."

मी रागातच विचारलं, "मामा, तुम्ही एवढे शास्त्रज्ञ. तुमचा खरंच विश्वास आहे का यावर?"

त्यांनी टोपी पिळली. "माझा कुठला? विश्वास लक्झेंबर्गच्या त्या म्हातारीचा आहे, तुझ्या सासूचा आहे. मी नुसता पोचवतो."

मला रडू आलं आणि हसूही आलं. मग गंमत म्हणून विचारलं, की तुमच्यासाठी कोण चिमूट जाळतं. ते म्हणाले, "माझ्यासारख्यावर वीज कशाला वाया जाईल?" आणि समोरच्या बाईंना संत्रं सोलून द्यायला उठले.

बाळ राहिलं. त्यानंतरही कितीतरी आठवडे आत राहिलं आणि शरद लागल्यावर, रीतसर, रडत बाहेर आलं. औषधांनी राहिलं, डॉक्टरांच्या हातगुणाने राहिलं, रात्रंदिवस खपणाऱ्या नर्सनी राखलं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्या सगळ्यांचे आभार मानून झाल्यावरही माझ्याकडे आभार उरतात आणि ते मला एकाच घामेजल्या टोपीकडे न्यावेसे वाटतात. मुलीचं नाव दूर्वा ठेवलं. मामांनी बारशाला नावाचा उगम सांगितला आणि त्या एकाच दिवशी त्यांना कोणी थांबवलं नाही.

दूर्वा आता इथल्या शाळेत जाते. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते. मामाआजोबांशी मात्र ती मराठीत बोलायची, कारण ते जपानीत उत्तर दिलं तर ऐकूच आलं नाही असं दाखवत. दर ऑगस्टला दोघं सायकलींवरून पाला खुडायला जायची. गेल्या वर्षी मामांचं काम संपलं, गुडघेही संपत आले, आणि देश सोडून जाऊ नये म्हणणारे मामा तो सोडून सांगलीला गेले. तिथे धाकट्या बहिणीच्या घरी वरच्या मजल्यावर एकटे राहतात. एअरपोर्टवर दूर्वाच्या हातात कात्री आणि रीळ दिलं, छत्री स्वतःकडे ठेवली. मी वाकून नमस्कार केला, आभार मात्र राहूनच गेले.

या पंधरा ऑगस्टला दूर्वा एका जपानी मैत्रिणीला घेऊन पाला खुडायला गेली. जुडी बांधताना ती त्या मैत्रिणीला लेइफ्रावेशदाख चार घास करून भरवत होती आणि मैत्रीण घड्याळ बघत होती. संध्याकाळी आभाळ वाजायला लागलं. दूर्वाने गॅलरीत डासांची अगरबत्ती लावली आणि निखाऱ्यावर आमच्या घरची चिमूट ठेवली. धूर निघाला तरी ती उठेना. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "आई, सांगली कुठल्या बाजूला?"

मी विचारलं, कशाला. तर पुण्याची आजी श्रावणात शुक्रवारी, लांब असलेल्या पोरांसाठी त्यांच्या दिशेला अक्षता टाकते, हे तिने फोनवर पाहिलेलं. "मामाआजोबांची पण टाकायची ना," ती म्हणाली. "तिकडे त्यांच्यासाठी कोण जाळणार?"

हॉस्पिटलात मी मामांना हेच विचारलं होतं, हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं. मी पश्चिमेकडे बोट दाखवलं. तिने दुसरी चिमूट निखाऱ्यावर ठेवली, फुंकर घातली आणि अगरबत्तीची डबी उचलून गॅलरीच्या त्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. पाऊस तिरका येत होता, म्हणून मी डबीवर छत्री धरून उभी राहिले.